हरिदासचं फडकं

कोळशाच्या गावात माणूस नावापेक्षा कामाने ओळखला जातो. कोणी डंपरवाला, कोणी सिमेंटवाला, कोणी वजनकाट्यावरचा. घुग्घुसच्या हरिदास निमगडेला सगळे खड्डेवाला म्हणायचे. रस्त्यावरच्या खड्ड्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्या खड्ड्यांचे धनी वेगळे आणि ते कोणाला कधी सापडत नाहीत. हरिदासचा खड्डा होता रिगखालचा.

रिग म्हणजे खोल विहीर पाडणारं यंत्र, उभ्या मनोऱ्यासारखं. घुग्घुसच्या आसपासच्या रानात, कापूस-सोयाबीनच्या वावरांना लागून, एक कंपनी जमिनीखालच्या कोळशात अडकलेला गॅस काढायला असल्या विहिरी पाडत होती. तेलाच्या विहिरीची आणि हिची रीत एकच, धोकाही एकच. विहीर पाडून झाली की बाजू ढासळू नयेत आणि गॅस भलत्या वाटेने फुटू नये म्हणून आत लोखंडी नळ सोडतात. त्याला केसिंग म्हणायचं. एकाला एक पेचाने जोडलेले हे नळ तळाला टेकवून ठेवले तर स्वतःच्याच भाराने वाकतात, म्हणून ते विहिरीच्या तोंडाशी टांगावे लागतात. कित्येक ट्रकांच्या वजनाची ती लोखंडी लड टांगायची कशी, इथे हरिदासचं काम सुरू व्हायचं.

विहिरीचं तोंड रिगच्या खाली एका चौकोनी खड्ड्यात असतं. त्यावर व्हॉल्व्हचं भलंमोठं धूड बसवलेलं असतं. खालून गॅस उसळला तर तेच त्याला दाबून धरतं. नळ टांगायचे तर ते धूड साखळ्यांनी वर उचलायचं, एका माणसाने त्याच्याखाली खड्ड्यात उतरायचं, नळाभोवती लोखंडी पाचरी एकेक करून बसवायच्या, आणि वरून ऑपरेटरने नळ अगदी हळूहळू खाली सोडायचा. भार आला की पाचरी नळाला चावतात आणि नळ तिथेच लटकून राहतो. तेवढा वेळ डोक्यावर टांगलेलं धूड, पायाशी विहिरीचं उघडं तोंड आणि मध्ये माणूस. बोट वेळेवर निघालं तर बरं. नाहीतर लच्छू.

लच्छू हा हरिदासच्या आधीचा खड्डेवाला. त्याच्या उजव्या हाताला आता अंगठाच तेवढा उरलाय. घुग्घुसच्या बसस्टँडजवळ तो चहा विकतो, कप डाव्या हाताने देतो, आणि कोणी उजव्या हाताकडे चोरून पाहिलं की म्हणतो, "पाहून घे बापा, फुकट हाय." हरिदास त्याच्याच जागेवर लागला. दुसऱ्याचा हात गेला म्हणून रिकाम्या झालेल्या जागेवर नोकरी मिळणं ही काही मिरवायची गोष्ट नाही, पण पोट असल्या गोष्टी पाहत नाही.

वीसेक वर्षं त्याने खड्डा सांभाळला आणि दहाही बोटं शाबूत ठेवली. आता गुडघे कुरकुरायला लागले होते आणि त्याच्या जागी उतरायला लागला होता अश्वजित, त्याचा एकुलता एक मुलगा. पोरगा आयटीआय शिकलेला, कामाला चोख, जिभेला धारदार. चुकीचं दिसलं की समोर कोण उभा आहे हे न पाहता बोलून मोकळा व्हायचा. खड्ड्याचा त्याला अभिमान होता. रिगवरची पोरं त्याच्याकडे वाघाकडे पाहावं तसं पाहायची आणि त्याला ते आवडायचं. बाप मात्र वरून त्याची बोटं मोजत उभा राहायचा. अश्वजितची पाळी असली की त्याची आई, मीराबाई, त्या दिवशी घरात खलबत्ता वाजू द्यायची नाही. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज तिला ऐकवायचा नाही.

आता नारळाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

नळ सोडण्याआधी रिगवर पूजा व्हायची. पूजा करायचा गोपाल पिंपळशेंडे, रिगचा ऑपरेटर, ब्रेकच्या दांड्यावर हात असलेला माणूस. शेतकऱ्याच्या घरचा. गावात नव्या विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडतात, आणि त्याचं पाणी, एखादा तुकडा विहिरीच्या पोटातच पडला पाहिजे असा दंडक असतो. बाहेर सांडलेला नारळ विहिरीला पावत नाही. गोपालच्या लेखी विहीर ती विहीर, मग तिच्यातून पाणी निघो की गॅस. रिगच्या फ्लोअरला विहिरीच्या तोंडाच्या बरोबर वर एक गोल भोक असतं. त्याच्या काठावर तो नारळ फोडायचा. हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, नारळाचं पाणी, करवंटीच्या कपच्या, सगळं खाली जायचं. बहुतेक विहिरीत पडायचं. थोडं मात्र तोंडाच्या आतल्या कंगोऱ्यावर, जिथे पाचरी बसतात त्या बैठकीवर, अडकून राहायचं.

हरिदासचं घर बौद्ध. छप्पन साली आजोबांनी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, दीक्षा घेतली तेव्हापासून घरात नारळ फुटला नव्हता. रिगवर पूजा सुरू झाली की हरिदास बाजूला जाऊन हात मागे बांधून उभा राहायचा. कोणी काही म्हणायचं नाही. पूजा आटोपली की गोपाल त्याच्यासमोर खोबऱ्याचा तुकडा धरायचा, "परसाद म्हून नको खाऊ, खोबरं म्हून खा." हरिदास खायचा. मग नळ उतरवून धूड उचललं गेलं की खड्ड्यात उतरून, वरून कोणी पाहत नाही असं पाहून, कमरेचं फडकं काढायचा आणि ती बैठक लख्ख पुसून घ्यायचा. मग बोट फिरवून पाहायचा, कपची राहिली नाही ना. पाचरीखाली करवंटी राहिली तर पाचर तिरकी बसते आणि तिरकी पाचर भार आला की सटकते. लच्छूची पाचर कशाने सटकली हे कोणाला कधी कळलं नव्हतं. हरिदासला पहिल्याच विहिरीवर, फडक्यात आलेली कपची पाहून, पुरतं कळलं होतं.

पण त्याने ते कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? तुमच्या पूजेचा कचरा होतो म्हणून? दुसरा कोणी बोलला असता तर लोक म्हणाले असते, बरं झालं सांगितलं. तेच निमगडे बोलला की अर्थ वेगळा निघतो. याला आपला देव खपत नाही, असा. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? त्यापेक्षा फडकं फिरवलं की झालं, ना वाद ना बोभाटा. गोपाल वयाने त्याच्याहून लहान, तरी गोपाल त्याला "हरिदास, तू" म्हणायचा आणि हरिदास त्याला "गोपालभाऊ, तुमी". दोघं एका डब्यात जेवायचे, एकमेकांच्या घरच्या लग्नांत राबायचे, आणि तरी ते तू आणि तुमी जिथल्या तिथे होते. असल्या दोस्तीत काय बोलायचं आणि काय नाही हे माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

अश्वजित हाताखाली आला तेव्हाही आधी हरिदासच खड्ड्यात उतरायचा. "साप-इचू पाहून येतो," म्हणायचा. खड्ड्यात खरोखरच कधी साप निघायचा, त्यामुळे कोणाला त्यात नवल वाटलं नाही. मग वर येऊन पोराला उतरू द्यायचा. पाचर कशी धरायची, पाय कुठे रोवायचा, भार येताना नळ कसा आवाज करतो, सगळं त्याने पोराला शिकवलं. फडकं तेवढं शिकवलं नाही.

आणि मग मयुरी मॅडम आल्या.

मॅडम चंद्रपूरच्याच. इंजिनिअर होऊन बाहेर तेलाच्या विहिरींवर काम करून आलेल्या. त्यांनी आणलं एक जाडजूड लोखंडी कडं. नाव हँगर, पण कपडे टांगायचा नव्हे, नळ टांगायचा. सगळ्यांत वरच्या नळाच्या डोक्यावर हे कडं पेचाने बसवायचं आणि व्हॉल्व्हचं धूड न हलवता, त्याच्या पोटातूनच, नळासकट खाली सोडायचं. कड्याला बाहेर आलेले खांदे. ते आतल्या बैठकीवर आपोआप टेकतात आणि भोवतीचं रबर दाबलं जाऊन फट बंद होते. बाहेरून मागवलेलं कडं कंपनीला महाग पडायचं, म्हणून मॅडमनी चंद्रपूरच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून नवं घडवून घेतलं. इथल्या विहिरींच्या तोंडाला नीट जुळावं म्हणून खांद्याचा उतार त्यांनी स्वतः बदलला होता.

"म्हंजे मॅडम, खाली कोनीच नाई उतरनार?" हरिदासने विचारलं.

"कोणीच नाही, काका. तोंड क्षणभरसुद्धा उघडं राहणार नाही. शिवाय रिगचा एक आख्खा दिवस वाचतो."

साइटच्या साहेबांना तो वाचलेला दिवस दिसला. हरिदासला रिकामा खड्डा दिसला, आणि खड्ड्याच्या बाहेर, काठावर उभा असलेला अश्वजित. घरी जाऊन त्याने मीराबाईला सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. लोखंडाचं कडं आपलं आपण जाऊन कसं बसेल, तिने तीनतीनदा विचारलं. मग उठली, खलबत्ता काढला आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली.

अश्वजित मात्र रुसला. "मंग आमी का करू?"

"वरून पाह्य," हरिदास म्हणाला. "दोन्ही हात खिशात घालून पाह्य."

पण साहेबांनी परवानगी दिली ती एकाच विहिरीपुरती. जमलं तर पुढे सगळ्या विहिरींना कडं. नाही जमलं तर मॅडमनी आपलं कडं घेऊन जावं आणि आपल्या पाचरी बऱ्या. हरिदासचा जीव आयुष्यात कशासाठी एवढा टांगणीला लागला नव्हता.

त्या दिवशी सकाळीच मॅडमनी पाण्याचा जोरदार फवारा आत सोडून बैठक धुऊन घेतली. काम चोख झालं. मग नळ उतरवायची वेळ आली आणि गोपाल नेहमीप्रमाणे नारळ घेऊन आला. मॅडमनीही बूट काढले, हात जोडले, भोकातून चार अक्षता टाकल्या. धुणं आधी झालं आणि पूजा नंतर, यात काही उलटं झालं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. येणार तरी कसं? पूजेनंतर बैठक कोणी तरी पुसतं हे, हरिदासच्या समजुतीप्रमाणे, त्याच्याशिवाय कोणाला ठाऊकच नव्हतं.

हरिदास बाजूला हात मागे बांधून उभा होता. नारळ फुटला. पाणी खाली गेलं आणि त्याच्या मागोमाग एक आवाज आला, टण्. पाण्यात पडलेल्या तुकड्याचा आवाज वेगळा असतो, लोखंडावर पडलेल्याचा वेगळा. हरिदासचे कान एवढ्या वर्षांत त्यात पक्के झाले होते. कपची बैठकीवर अडकली होती. आणि आज खाली कोणी उतरणार नव्हतं.

आत्ता बोललं पाहिजे. मॅडम, परत एकदा धुऊन घ्या, एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलंही, तेवढ्यात गोपालने हसत खोबऱ्याचा तुकडा समोर धरला. "घे हरिदास. आज तं तुही सुट्टी." आणि बोलायला उघडलेल्या तोंडात खोबरं गेलं.

मग सुरू झाली मनाची वकिली. एवढा भार येणार, एवढीशी कपची, पिठूळ होऊन जाईल. मॅडमचं रबर आहे, ते सांभाळून घेईल. कदाचित आपल्याला भास झाला असेल. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्यासारखा हुशार कोणी नसतो. पाइपामागून पाइप खाली जात राहिले, हरिदास पाहत राहिला, आणि बोलायची वेळ प्रत्येक पाइपागणिक मागे पडत गेली.

अखेर कडं खाली गेलं आणि टेकलं. आता परीक्षा होती. सिमेंट ओतण्याआधी पाण्याचा दाब देऊन पाहायचं. घड्याळासारख्या गेजवरचा काटा जिथे आहे तिथे राहिला तर कडं घट्ट बसलं, खाली आला तर कुठेतरी गळतंय. सगळे गेजभोवती गोळा झाले. काटा चढला, थांबला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली सरकायला लागला.

परत दाब दिला. परत काटा उतरला.

"झालं तुमचं?" साहेब मॅडमना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "लेथवर घडवलेल्या कड्यावर विहीर टांगायची होती. कडं काढा. धूड उचला. पाचरी लावा."

मॅडम कड्याच्या कागदावरचा उतार पुन्हा पुन्हा बोटाने तपासत होत्या, आपलंच गणित चुकलं असं धरून. ते पाहून हरिदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात त्याला अश्वजित दिसला. पोरगा खुशीत कमरेचा पट्टा आवळत होता, हातमोजे चढवत होता. "बाबा, तुमी साप पाहून या लवकर," तो म्हणाला. "मंग उतरतो."

साप पाहून ये, म्हणजे पुसून ये. हरिदास उतरू शकत होता. बैठक पुसू शकत होता. आजचा दिवस निभावला असता, आणि पुढची विहीर, त्याच्या पुढची, सगळ्या विहिरी पाचरींच्याच राहिल्या असत्या. आपले गुडघे बसले की एक दिवस आपल्याशिवाय हा पोरगा खाली उतरेल. हरिदासने खड्ड्याच्या शिडीवर पाय ठेवला आणि तसाच मागे घेतला.

"साहेब," तो म्हणाला, "कड्यात खोट नाई. बैठकीवर करवंटी हाय."

"कसली करवंटी?"

"नारळाची."

इंजिन तेवढं धडधडत होतं.

"पाहिली तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"पाह्यली नाई. आवाज आयकला."

कोणीतरी मागे हसलं. हरिदासला आता थांबता येत नव्हतं. "कडं वर उचललं का ते कपची विहिरीत पडन, मंग कोनालेच दिसनार नाई. पन दर येळी पडते, साहेब. दर येळी मी पुसत होतो. आज कोनी पुसलं नाई. परत धुवा अन् परत बसवा, काटा नाई हालनार."

"आजवरच्या पूजेत खोट नव्हती, आजच निघाली काय?" मागून आवाज आला. दुसऱ्याने जोड दिली, "याले पूजाच नाई चालत, तेच खरं."

हेच ते वाक्य. अगदी हेच, याच शब्दांत, वीस वर्षं त्याच्या कानात होतं. प्रत्यक्षात ऐकल्यावर ते त्याला वाटलं होतं त्याहून लहान वाटलं.

"कोन बोलला बे?" अश्वजित गर्रकन वळला.

"अश्वजित, चूप!"

ब्रेकच्या दांड्याजवळून गोपाल खाली उतरला. कामाच्या मध्यात ऑपरेटर कधी आपली जागा सोडत नाही. तो आला आणि हरिदासकडे न पाहता साहेबांसमोर उभा राहिला.

"हा खरं बोलून राह्यला," गोपाल म्हणाला. "खालून वर आला का याचं फडकं लाल राहे. पयले मले वाटलं रक्त हाय, मी भेलो. मंग समजलं, कुंकू हाय."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"का बोलू, मॅडम? याले म्हनू, का आमचं कुंकू तू पुसत जाय? का आमच्या पोराईले म्हनू, का देवाले खाली टाकू नका?" गोपालचा चेहरा उतरला होता. "चांगलं चाललं होतं. हा पुसत होता, मी पाहत नव्हतो."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता. पण गोपाल पुढे म्हणाला की धुवायला घटकाभर लागेल आणि पाचरी लावायला आख्खी पाळी जाईल, आणि हे गणित साहेबांना कोणत्याही साक्षीपेक्षा लवकर पटलं. "धुवा," ते म्हणाले. "पण शेवटचं."

कडं वर आलं. करवंटी अर्थातच कुठे नव्हती. पण मॅडमनी खांद्याखालच्या रबरावरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबल्या. रबराला नखाएवढा चावा बसला होता आणि त्या खाचेत कुंकवाची लाली होती. त्यांनी बोट वर करून पाहिलं. नंतर हळूच, जणू स्वतःलाच, म्हणाल्या, "अक्षता तर मीच टाकल्या." आणि मग हरिदासकडे वळून, "काका, सकाळी एक शब्द बोलला असता तर?"

त्या रागावल्या असत्या तर हरिदासला सोपं गेलं असतं.

रबर बदललं. आत फवारा सोडून बैठक धुतली, आणि या वेळी कोणी वरून काही टाकलं नाही. कडं पुन्हा खाली गेलं, टेकलं. दाब दिला. काटा चढला आणि थांबला. सगळे पाहत राहिले. काटा थांबलेलाच राहिला, इतका वेळ की शेवटी साहेबच कंटाळून म्हणाले, "सिमेंटची तयारी करा." पोरांनी टाळ्या पिटल्या. ज्याने मघाशी पूजेचं वाक्य टाकलं होतं तोही टाळ्या पिटत होता. असल्या माणसांना काही आठवत नसतं. अश्वजितने पट्टा सोडला, हातमोजे काढले आणि कोपऱ्यात भिरकावले.

हरिदासला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पोटात कुठेतरी. पण चहाच्या वेळी गोपाल पलीकडे, टायरच्या ढिगावर एकटा बसला. हरिदासने त्याच्याकडे दोनदा पाहिलं. गोपाल रागावला होता की शरमला होता हे त्याला कळेना, आणि जाऊन विचारावं एवढी हिंमत आता शिल्लक नव्हती. एका दिवसाला एका माणसाच्या वाट्याला जेवढी हिंमत येते तेवढी संपली होती.

पाळी सुटल्यावर बापलेक मोटारसायकलवर घरी निघाले. गाडी अश्वजित चालवत होता. रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग, धुरळा, ऊन उतरलेलं. रेल्वेचं फाटक लागलं ते बंद होतं. कोळशाची मालगाडी यायची होती. अश्वजितने गाडी बंद केली. वाघिणी खडखडत जायला लागल्या तेव्हा, मागे न वळता, त्याने विचारलं.

"बाबा, तुमी मले सारं शिकवलं. पुसनं काऊन नाई शिकवलं?"

हरिदासने खरं सांगून टाकलं. "तू चूप नसता रायला. साऱ्याइच्या समोर बोलला असता."

"बोललो असतो."

"तेच तं."

"अन् तुमचे गुडघे एखाद्या दिवशी बसले असते तं? तुमी घरी रायले असते अन् मी एकटा खाली उतरलो असतो तं?" अश्वजित समोरच्या वाघिणींकडे पाहत बोलत होता. "पाचरीखाली करवंटी हाय हे मले माहीत बी नसतं, बाबा. लच्छूकाकाले नव्हतं माहीत, तसंच."

वाघिणींचा खडखडाट चालूच होता. इतकी वर्षं त्याने सगळ्यांचा विचार केला होता. गोपालला काय वाटेल, पोरं काय म्हणतील, नोकरी राहील का, एका डब्यातलं जेवण राहील का. पोराची बोटं वाचावीत म्हणून त्याने रात्रीची झोप घालवली होती. आणि ती बोटं वाचवणारी एकुलती एक गोष्ट त्याने त्याच पोरापासून लपवून ठेवली होती. फक्त आज सकाळी नव्हे. वर्षभर, दर विहिरीला, साप पाहून येतो म्हणत.

"भेलो मी," तो म्हणाला. "तुह्या बोलन्याले भेलो. हाताचं ध्यानातच नाई आलं."

शेवटची वाघीण गेली. फाटक वर उचललं गेलं आणि मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. अश्वजितने किक मारली आणि गाडी रुळांवरून पलीकडे नेली. घर येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. त्याने बोलावं, भांडावं, चारचौघांत बोलतो तसं ताडकन काहीतरी बोलावं म्हणून हरिदास सगळा रस्ता त्याच्या पाठीकडे पाहत बसला होता.